धुळीवरचा गूळ

दिवाळीचा अंक माणसं हातात घेतात तेव्हा शेजारी फराळाचं ताट असतं. बेसनाचा लाडू तोंडात असताना दातांच्या डॉक्टरीणबाईचं लिखाण कोण वाचणार, हे मला कळतं. तरी ज्यांनी हे पान उघडलंय त्यांनी आधी लाडू संपवावा, वर खळखळून चूळ भरावी आणि मग बसावं. आयुष्यभर लोकांना चूळ भरायला सांगत आले, ती सवय आता सुटायची नाही.

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहत होते. यजमान एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. माझ्याकडे मुंबईची दंतवैद्यकाची पदवी होती आणि घरात करायला फारसं काही नव्हतं. पिंपरीत एका सायकलच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या, पाटी लावली आणि माशा मारत बसले. पेशंट यायचे नाहीत असं नाही. जिना चढून यायचे, मला बघायचे आणि विचारायचे, डॉक्टर कुठायत? मी म्हणायचे, मीच. मग ते समजुतीने म्हणायचे, तसं नाही, दात काढणारे डॉक्टर. बाईमाणसाने दाढ उपटायची ही कल्पनाच त्यांना झेपत नव्हती. खरं तर दात ताकदीने निघत नाही. जमिनीत रोवलेला खुंटा आधी हलवून सैल करतात, मग तो सहज हातात येतो, तसंच हे काम. पण हे सांगून कुणाला पटणार? शेवटी भोसरीच्या बाजूचा एक पैलवान आला. इंजेक्शनची सुई बघून तो खुर्चीतच आडवा झाला, त्याला कांदा हुंगवून उठवला आणि दाढ काढून हातात दिली. त्याने बाहेर जाऊन काय सांगितलं देव जाणे, पण त्या आठवड्यापासून जिन्यावर रांग लागायला लागली.

कामगार वस्तीतल्या पेशंटांची एक तऱ्हाच होती. त्यांच्या दुखण्यालाही शिफ्ट असायची. फर्स्ट शिफ्टवाल्याची दाढ साडेतीननंतर दुखायची, सेकंड शिफ्टवाल्याची सकाळी दहाला. ओव्हरटाइम असला तर दुखणं पुढच्या आठवड्यावर ढकललं जायचं. एक टूलरूममधला फिटर आठवतो. त्याच्या दाताचा कोपरा तुटून जिभेला टोचत होता. माझ्याकडे आला तेव्हा तो कोपरा गुळगुळीत झालेला. कुणी केलं विचारलं तर म्हणाला, मीच, बारीक कानस घेऊन, आरशात बघून; अजून दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, कमी करायला पाहिजे पण तिथे कानस पोचत नाही, तेवढं तुम्ही करा. मी त्याला झापला खरा, पण काम बघून मनातल्या मनात दादही दिली. इतकी सफाई माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना जमली नसती.

माझं यंत्र पायाने चालायचं. शिलाई मशीनला असतं तसं खाली पायडल, वर चाक, चाकावरून दोरी, आणि त्या दोरीवर हातातलं कोरणारं टोक फिरायचं. पुढे विजेचं घेतलं, पण वीज आधी कारखान्यांना जायची आणि उरली तर आम्हाला, त्यामुळे पायडल अडगळीत टाकता आलं नाही. एका दाढेची कीड कोरायला पाऊण तास लागायचा. तेवढा वेळ पाय मारत, पोक काढून उभं राहायचं. आज माझे गुडघे जे बोलतात ते त्याच दिवसांबद्दल बोलतात.

आता दात किडतो कसा, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. बहुतेकांना वाटायचं, दातात आळी शिरते. आळीबिळी काही नसते. आपल्या तोंडात साध्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू असतात. तुमच्या असतात, माझ्याही असतात. सकाळी उठल्यावर दातावर नख फिरवलं तर पांढरट मऊ थर निघतो, ती त्यांचीच वस्ती. आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताचं कवच विरघळतं. आपली लाळ ते आम्ल धुऊन काढते, कवचाची थोडीफार डागडुजीही करते, पण तिला त्यासाठी उसंत द्यावी लागते. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा ते किती वेळ तोंडात राहिलं हे जास्त महत्त्वाचं. बारा ते सतरा या वयात धोका सगळ्यात मोठा. नव्या दाढा नुकत्याच वर आलेल्या असतात, त्या पुरत्या पक्क्या झालेल्या नसतात, भूक सतत लागलेली असते, आणि आईबापांनी मुलांच्या तोंडात डोकावणं सोडून दिलेलं असतं.

मी प्रत्येक पेशंटचा एक कागद ठेवायची. त्यावर बत्तीस चौकोन, किडलेल्या दाताच्या चौकोनात लाल पेन्सिल. सत्तर सालाच्या आगेमागे केव्हातरी माझ्या लक्षात आलं की कासारवाडीच्या एका चाळीतल्या मुलामुलींचे कागद जास्तच लाल आहेत. शिवाय एक विचित्र गोष्ट होती. प्रत्येकाची एकच बाजू किडलेली. कुणाची उजवी, कुणाची डावी, पण एकच, आणि तीही गालाकडून. मी विचारायची, काय गोड खाता? उत्तर यायचं, काही नाही. पेपरमिंट? नाही. चहात साखर? चहाच नाही. आया म्हणायच्या, बाई, गोड आमच्याकडं सणालाच. त्या खोटं बोलत नव्हत्या, ते तोंडावरून कळत होतं.

मग मी माझी अक्कल चालवली आणि मशेरीला दोषी ठरवलं. तंबाखू तव्यावर भाजून त्याची काळी पूड दातांना लावायची चाल त्या वस्तीत घरोघर होती. एका गुरुवारी, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, मी चाळीत जाऊन मशेरीवर तासभर भाषण ठोकलं. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी भिंतीला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, "बाई, मशेरी मी लावती. माजे दात हायेत. पोरं लावत न्हाईत. त्यांचे गेले." मी चहा प्यायले आणि परत आले.

त्याच चाळीत लक्ष्मणराव राहायचे. देहूरोडच्या पलीकडच्या एका गावातून ते कारखान्यात आले होते. लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या एका कंपनीत मोल्डर होते; वाळूचे साचे करायचे आणि त्यात रस ओतायचा असं ते काम. त्यांना दोन मुलं. थोरला रमेश, आणि धाकटी, छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर जन्मलेली, म्हणून मोठ्या हौसेने बौद्ध नाव ठेवलेली सुजाता. रमेश सोळा वर्षांचा असताना वर्षभरात तीन वेळा आला होता. तिन्ही वेळा बाप म्हणाला काढा, आणि मी दाढ काढली. तीन दाढा, एकाच बाजूच्या. खुर्ची रिकामी होण्याची वाट बघणारे दहा लोक बाहेर असत. का किडतायत, हे मी त्या पोराला एकदाही धड विचारलं नाही.

सुजाताला ते घेऊन आले तेव्हा तिला पंधरा वर्षं पुरी झाली होती. सोबत तिच्या वर्गशिक्षिकेची चिठ्ठी होती. मुलगी हुशार आहे, पण तोंडी परीक्षेला उभी केली की बोलत नाही. बोललीच तर तोंडावर हात धरून. मॅट्रिक होऊन हिला शिक्षिका व्हायचं आहे, तर याचं काहीतरी करावं. मी तोंड उघडायला सांगितलं. तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटून उघडलं. उजवीकडच्या दाढा काळ्या, सुळा काळा, आणि कीड पुढच्या दातापर्यंत आलेली. मी मोजले, अकरा. गोड खाते का, असं बापाला तीनदा विचारलं; तिन्ही वेळा नाही.

लक्ष्मणरावांचा निर्णय घरून निघतानाच झाला होता. "बाई, एकदाच सगळे काढा आन् बत्तिशी बसवा. आमच्या फोरमनची बगा, कशी टकाटक हाय."

फोरमन पंचावन्नचे होते. त्यांची कवळी मीच केली होती, आणि ती टकाटक दिसायची हेही खरं. पण पंधरा वर्षांच्या मुलीला कवळी लावायची म्हणजे उरलेलं आयुष्य तिला वाटीत दात ठेवून झोपायला सांगायचं. माझा स्वभाव मुळात तापट. मी ताडकन म्हणाले, मी काढणार नाही. तेही अडून बसले. पोरगी रोज कळवळते, जेवत नाही, रमेशचे काढले तर तो आता सुखाने जेवतो, मग हिचे का नाही? रमेशचं नाव निघालं आणि माझा आवाज खाली आला. मी म्हणाले, मला पंधरा दिवस द्या. तोवर दुखणार नाही एवढं मी करते. पंधरा दिवसांत कीड कशाने लागते ते शोधून काढते. नाही सापडलं तर तुम्ही म्हणाल तसं.

"पंधरा दिवस," ते म्हणाले. "शबूद हाय."

लवंगेच्या तेलात कालवलेलं औषध भोकांमध्ये भरून मी सुजाताला घरी पाठवलं आणि लगेच पस्तावले. कारण कशाचाही पत्ता मला नव्हता. पुन्हा पुन्हा ते लाल कागद टेबलावर पसरायची आणि बघत बसायची. यजमान म्हणाले, तुझा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा झालाय. मी त्यांच्यावरही खेकसले.

बाराव्या दिवशी लक्ष्मणरावांच्याच कंपनीत माझं काम निघालं. कामगारांच्या दातांची तपासणी करायची होती, ते आधीच ठरलेलं होतं. मी सकाळी सातच्या आत पोचले. फर्स्ट शिफ्ट आत जात होती. टाइम ऑफिसच्या पुढे एक टेबल, टेबलावर मोठी परात, आणि परातीत गुळाचे खडे. प्रत्येक कामगार हात पुढे करायचा आणि लिंबाएवढा खडा घेऊन पुढे सरकायचा. परातीमागच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, बाई, वाळूची धूळ घशात बसते, गूळ खाल्ला की उतरते. ओतकामात सगळीकडे देतात. काहीजण तिथेच तोंडात टाकत होते. पण मी बघत उभी राहिले तसं दिसलं की कितीतरी जण डब्याचं झाकण उघडून खडा आत ठेवतायत, कुणी कागदात बांधतोय.

लक्ष्मणराव आले. त्यांनी खिशातून पांढऱ्या कापडाचा चौकोनी तुकडा काढला, स्वच्छ धुतलेला, घडी घातलेला. खडा त्यात ठेवला, चारी कोपरे दुमडले आणि खिशात घातला. मी विचारलं, तुम्ही खात नाही?

"माजं काय, माजा घसा भट्टीनं भाजून पक्का झालाय," ते म्हणाले. "पोरीला शाळंच्या वाटंवर लई धूळ लागती. तिला नेतो. आधी रमेशला न्यायचो."

मी म्हणाले, लक्ष्मणराव, ती गोड खाते का म्हणून मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं.

"गोड कुटं?" त्यांना खरोखर नवल वाटलं. "ह्यो गूळ हाय. कंपनीचं औशद हाय."

आणि खायचं कसं तेही त्यांनी मला समजावून सांगितलं. चावायचा नाही, चावला तर वाया जातो. गालात धरायचा आणि हळूहळू उतरू द्यायचा, तरच गुण येतो. शाळेत जाताना एक तुकडा, मधल्या सुट्टीत एक, अभ्यासाला बसताना एक.

खरं सांगते, आधी मला नुसता आनंद झाला. कोडं सुटलं होतं. चाळीतले सगळे बाप ओतकामातले, सगळे आपला खडा घरी नेणारे, सगळी पोरं एकेका गालात दिवसभर गूळ धरून हिंडणारी. मी मनात सगळे कागद भराभर लावून टाकले. मग माझी नजर त्यांच्या खिशाकडे गेली. त्या कापडाचा एक कोपरा बाहेर आला होता. हा माणूस आठ तास वाळूच्या धुळीत उभा राहतो, धुळीवरचं औषध म्हणून हातात पडलेली एकुलती वस्तू स्वतः खात नाही, वर्षानुवर्षं पोरांसाठी बांधून नेतो. आणि त्याला हे मी सांगायचं होतं. माझा आनंद तिथेच संपला. फाटकापाशी मी फक्त गुरुवारी सुजाताला घेऊन या एवढं म्हणाले.

माझ्याकडे पुण्यात जुन्या बाजारातून घेतलेला पितळी सूक्ष्मदर्शक होता. गुरुवारी तो खिडकीत उजेडाला लावला. सुजाताच्या दाढेवरचा थर टोकदार सळईने खरवडला, काचेवर पाण्याच्या थेंबात कालवला आणि लक्ष्मणरावांना डोळा लावायला सांगितलं. ते बराच वेळ वाकून राहिले. मग हळूच विचारलं, "हे जित्तं हाय?" मी म्हणाले, जिवंत आहे. माझ्या तोंडातलं दाखवलं तरी असंच दिसेल. यांना गोड मिळालं की हे आम्ल करतात, आणि गूळ दिवसभर गालात असला की आम्ल दिवसभर दातावर बसतं.

"आम्ल म्हंजी तेजाब? आमी कास्टिंग तेजाबात बुडवतो तसं?"

तसंच, मी म्हणाले. यापेक्षा जास्त सांगायची गरज पडली नाही. धंद्यातला माणूस. तेजाबात ओतीव वस्तू जास्त वेळ राहिली तर तिचं काय होतं हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. ते स्टुलावर बसले. सवयीने हात खिशात गेला, ते कापड बाहेर आलं, आणि त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "म्हंजी माज्या हातानंच केलं मी हे."

मी काही बोलायच्या आत खुर्चीतून सुजाता बोलली. "आबा, वर्षभर मला गूळ धरला की कळ यायची."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही स्वतः न खाता आणता, मला माहीत होतं. नको कसं म्हणू?"

हे बोलताना तिने तोंडावर हात धरला नव्हता. मी पहिल्यांदाच तिला बोलताना पाहत होते. मला रडू आलं, आणि डॉक्टरने पेशंटसमोर रडू नये म्हणून मी उगाच हत्यारांचा डबा उघडझाप करत बसले. एकाने दुसऱ्यासाठी न खाता ठेवलं आणि दुसऱ्याने त्याच्यासाठी दुखत असताना खाल्लं. यात शिव्या कुणाला घालायच्या?

पण लक्ष्मणरावांच्या डोक्यातून बत्तिशी अजून गेली नव्हती. झालं ते झालं, आता काढूनच टाका, ते म्हणाले. तेव्हा मी विचारलं, तुमच्या कास्टिंगमध्ये हवेने भोक पडतं ना? ते म्हणाले, पडतं, ब्लोहोल म्हणतात. मग अख्खं कास्टिंग पुन्हा भट्टीत टाकता? ते म्हणाले, छे, भोक किती खोल हाय ते आदी बगतात. वरच्यावर असलं तर खरवडून भरून घेतात. मी म्हणाले, मग माझं काम मला का करू देत नाही? ते पहिल्यांदा हसले. "करा," म्हणाले.

चार महिने दर गुरुवारी हे काम चाललं. अर्ध्या गुरुवारी वीज नसायची; कारखान्यांची सुट्टी साधून तारांची दुरुस्ती काढत. तिसऱ्या का चौथ्या खेपेला माझा पाय पायडलवर अडखळायला लागला. लक्ष्मणराव कोपऱ्यात बसून बघत होते. ते उठले आणि म्हणाले, "बाई, तुमी हात चालवा. पाय मी मारतो." मी आधी नको म्हणाले, कारण वेग कमीजास्त झाला तर टोक सटकतं. पण त्यांनी पाय ठेवला आणि चाक असं फिरायला लागलं की माझ्या पायाने ते तसं कधी फिरलं नव्हतं. एका लयीत, ना धक्का ना थांबा. मी नुसती मान हलवली की हळू, भुवई उचलली की थांब. पुढच्या प्रत्येक गुरुवारी ते यंत्र त्यांनीच चालवलं. बाप पाय मारतोय, मी कोरतेय आणि लेक तोंड उघडून छताकडे बघतेय, असे आम्ही तिघे त्या खोलीत असायचो. माझ्या धंद्यातले ते सगळ्यात सुखाचे तास होते.

दोन दाढा वाचल्या नाहीत. बाकीच्यांत चांदीचं मिश्रण खलात घोटून भरलं, पुढच्या दाताला पांढरं सिमेंट. काम संपलं त्या दिवशी सुजाताला आरसा दिला. तिने ओठ बंद ठेवून पाहिलं, मग थोडे उघडून, आणि मग सगळेच दात दाखवले. लक्ष्मणराव म्हणाले, फोरमनपेक्षा भारी. खरं म्हणजे ते पांढरं सिमेंट शेजारच्या दाताला अगदी जुळलं नव्हतं, पण तेवढी सूट मी स्वतःला दिली.

चाळीत मात्र माझं नाव खराब झालं. लक्ष्मणरावांनी आपल्या लाइनवर सगळ्यांना सांगून टाकलं की गूळ तिथेच खायचा, वर चूळ भरायची, घरी न्यायचा नाही. पोरांचा हक्काचा खडा बंद झाला आणि मी चाळीत शिरले की कुठूनतरी आवाज यायचा, गूळचोर बाई आली. काही बापही म्हणाले, दातवाल्या बाईला ओतकामातलं काय कळतं. शेवटी लक्ष्मणरावांनीच माझा सूक्ष्मदर्शक एका गुरुवारी चाळीच्या अंगणात मांडायला लावला. ज्याने त्याने आपापल्या तोंडातलं बघायचं. मी समजत होते, पोरं घाबरतील. पोरांनी पैज लावली, कुणाच्या तोंडात जास्त वळवळतात. जिंकलेला मुलगा दिवसभर छाती काढून हिंडला. पण त्याच संध्याकाळी तो राखुंडी घेऊन नळापाशी दात घासत बसला होता, असं मला नंतर सांगितलं गेलं. सगळ्यांनी सवय सोडली असं म्हणणार नाही. लाल पेन्सिल मात्र पूर्वीपेक्षा कमी झिजायला लागली.

रमेशचं राहिलं ते राहिलंच. तो पुढे फिटर झाला, लग्न केलं. सुजाताला नोकरी लागली तेव्हा त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. पंगतीत तो माझ्याशेजारी बसला आणि एकाच बाजूने भाकरी चावत होता. मी बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. "ताई, तेव्हा मला एकदा विचारलं असतंत तर माझेबी वाचले असते," तो म्हणाला, हसत हसत, मनात काही न ठेवता. ज्यांचे दात वाचवले त्यांची नावं आज आठवत नाहीत. त्या तीन दाढा आठवतात.

ऐंशीनंतर एकदा सुजाता तिचा आठवीचा वर्ग घेऊन माझ्याकडे आली. आता ती शाळेतली बाई झाली होती, आणि तिचा आवाज जिन्याच्या खालपासून ऐकू येत होता. चाळीस मुलंमुली जिन्यावर दाटीने उभी. मी पहिल्या मुलीला खुर्चीत बसवलं आणि सवयीने विचारलं, गोड खातेस का? ती म्हणाली, नाही.

"थांबा बाई," सुजाता म्हणाली. मग वर्गाकडे वळून, "आधी सगळ्यांनी खिसे बाहेर काढा. तोंड नंतर."

लिमलेटच्या गोळ्या निघाल्या, चिंचा निघाल्या, खडीसाखर निघाली. खुर्चीतल्या मुलीने मात्र काहीच काढलं नाही, ती खाली बघत राहिली. सुजाताने हात पुढे केला. मुलीने खिशातून एक धुतलेला रुमाल काढून तिच्या हातावर ठेवला. चारी कोपरे दुमडलेले, आत गुळाचा खडा. माझ्या हातातला आरसा हातातच राहिला.

"कोण देतं?" सुजाताने विचारलं.

"बाबा. कंपनीतून आणतात."

"दुखतं?"

मुलीने होकारार्थी मान हलवली.

मला वाटलं, आता ही जंतू सांगेल, तेजाब सांगेल. तिने त्यातलं काही सांगितलं नाही. रुमालाची घडी होती तशी घातली, मुलीच्या मुठीत परत दिली आणि तिच्यापुढे वाकून म्हणाली, "आज घरी गेलीस की त्यांना सांग, बाबा, मला दुखतं. त्यांना वाईट वाटेल. तरी सांग."